पाहुण्यांची व्याख्याने, यजमानांच्या वह्या

एक पूर्णांक घ्या. त्याचा वर्ग करा, त्याला ६१ ने गुणा, त्यात १ मिळवा; आलेले उत्तर पुन्हा पूर्ण वर्ग असले पाहिजे. शून्य चालणार नाही. ६१ च्या जागी ६० असते तर ४ ने काम झाले असते, कारण ६० गुणिले १६ अधिक १ म्हणजे ९६१, आणि तो ३१ चा वर्ग. ६२ असते तर ८ पुरे होते. ६३ ला तर १ सुद्धा चालतो. ६१ चे सर्वांत लहान उत्तर मात्र २२,६१,५३,९८० आहे. शेजारच्या संख्या दोन्ही बाजूंनी इतक्या सोप्या आणि मध्येच ही एक अशी हट्टी का, या प्रश्नात संख्या सिद्धान्ताचा निम्मा स्वभाव दिसतो. विधान आठवीतल्या मुलाला कळते. कारण मात्र शतकानुशतके हाती लागत नाही.

भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’तील बीजगणिताच्या भागात नेमके हेच उदाहरण घेतले. ८ चा वर्ग ६१ पेक्षा ३ ने जास्त, इथून त्यांची चक्रवाल पद्धत निघते. चाकाची एक फेरी झाली की ३९ आणि ५ ही जोडी मिळते: ३९ चा वर्ग १५२१, ५ च्या वर्गाची ६१ पट १५२५, फरक उरला ४. तिथून पुढे ब्रह्मगुप्ताने ६२८ साली सांगितलेली भावना, म्हणजे दोन उत्तरांतून तिसरे घडवण्याची युक्ती, कामाला येते आणि बावीस कोटींची ती संख्या पाटीवर काही ओळींत उतरते. फर्माने १६५७ मध्ये हाच ६१ आपल्या समकालीन गणितींपुढे आव्हान म्हणून टाकला. भास्कराचार्यांच्या बीजगणिताचे कोलब्रुकने केलेले इंग्रजी भाषांतर यायला तेव्हा अजून एकशे साठ वर्षे होती.

१९५९-६० च्या हिवाळ्यात कार्ल लुडविग सीगल हा जर्मन गणिती मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत व्याख्याने देत होता. विषय होता क्रोनेकर आणि हेके यांनी घडवलेला वैश्लेषिक संख्या सिद्धान्त. त्या व्याख्यानांच्या छापील टिपणांत एका विभागाचा मथळाच ‘पेलच्या समीकरणाची क्रोनेकरकृत उकल’ असा आहे. पेलचे समीकरण म्हणजे वरचेच समीकरण. ऑयलरने ते चुकून पेलच्या नावावर लावले आणि नाव तसेच चिकटले. ज्या प्रश्नासाठी भास्कराचार्यांना चक्र फिरवावे लागले, त्याच जातीच्या प्रश्नाला क्रोनेकर दीर्घवृत्तीय फलनांच्या किमतींतून उत्तर काढतो, आणि सीगल ते मुंबईतल्या वीस-बावीस वर्षांच्या मुलांना फळ्यावर करून दाखवतो. प्रस्तुत पुस्तक या आणि अशा व्याख्यानांविषयी आहे.

पाहुण्यांविषयी बोलण्याआधी यजमानांची ओळख करून घ्यावी लागेल. टाटा संस्था १९४५ मध्ये स्थापन झाली. के. चंद्रशेखरन १९४९ मध्ये तिथे आले आणि गणित विभाग उभा राहू लागला. संस्था तेव्हा गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबात होती. कुलाब्याच्या इमारतीचे उद्घाटन १९६२ मध्ये झाले. चंद्रशेखरन यांनी ओळखले होते की दोन-चार गुणी मुलांना शिष्यवृत्ती देऊन परदेशी पाठवले की ती परत येतीलच असे नाही, आणि आली तरी एकेकटी पडतात. त्यांनी वाट उलटी केली. ज्यांच्याकडे शिकायला जायचे त्यांनाच इकडे बोलवायचे, दोन-तीन महिने ठेवून घ्यायचे, एक पूर्ण व्याख्यानमाला करवून घ्यायची. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एकदोन तरुण संशोधकांवर ती व्याख्याने लिहून काढण्याची जबाबदारी टाकायची.

या शेवटच्या अटीतच सगळी खुबी होती असे माझे मत आहे. फळ्यावरचे उतरवून घेणे वेगळे आणि छापण्याजोगे टिपण तयार करणे वेगळे. पाहुणा ‘हे उघड आहे’ म्हणून पुढे जातो. रात्री वही उघडल्यावर ते उघड नसते. मधल्या तीन पायऱ्या स्वतः भराव्या लागतात, एखादी चूक सापडली तर दुसऱ्या दिवशी अदबीने विचारावी लागते. हँस राडेमाखर यांच्या १९५४-५५ च्या व्याख्यानांची टिपणे के. बालगंगाधरन आणि व्ही. वेणुगोपाल राव यांनी केली. सीगलच्या द्विघाती रूपांवरील व्याख्यानांची टिपणे के. जी. रामनाथन यांची, आणि वर उल्लेखिलेल्या वैश्लेषिक व्याख्यानांची एस. राघवन यांची. मॅक्स डॉइरिंगची व्याख्याने ज्याने लिहून काढली तो सी. पी. रामानुजम तेव्हा विशीत होता. पुढे शाफारेविचची आणि ममफोर्डची व्याख्यानेही त्यानेच लिहिली. शाफारेविचने तर मोकळेपणाने मान्य केले आहे की त्याच्या चुका दुरुस्त करणारा आणि अपुऱ्या सिद्धता पुऱ्या करणारा हा लेखनिक होता. त्याला लेखनिक म्हणणे कितपत योग्य, हे वाचकाने ठरवावे. मुखपृष्ठावर पाहुण्याचे नाव मोठे आणि टिपणकाराचे खाली लहान अक्षरांत असते. या पुस्तकात आम्ही दोन्ही नावे एकाच मापाच्या अक्षरांत छापली आहेत.

संख्या सिद्धान्त हे शेत फार विस्तीर्ण आहे, तेव्हा नवख्या वाचकासाठी त्याचे बांध कुठे कुठे आहेत ते सांगतो. पूर्णांक, त्यांची विभाज्यता, मूळ संख्या आणि पूर्णांकांत उत्तरे शोधायची समीकरणे एवढाच मूळ ऐवज. मूळ संख्या अनंत आहेत ही युक्लिडची सिद्धता आजही कुठल्याही वर्गात पाच मिनिटांत सांगता येते. गाउसने १८०१ मध्ये आपल्या ग्रंथाने या विखुरलेल्या करामतींना शास्त्राचे रूप दिले. तिथून दोन मोठे रस्ते फुटले.

एक रस्ता विश्लेषणाचा. डिरिश्लेटने १८३७ मध्ये दाखवले की ज्या अंकगणिती श्रेढीतील पहिले पद आणि सामाईक फरक यांना १ खेरीज सामाईक विभाजक नाही, तिच्यात मूळ संख्या अनंत असतात. त्यासाठी त्याने अनंत श्रेणी वापरल्या. मोजायच्या गोष्टीला सलग बदलणाऱ्या राशींचे हत्यार लावायचे, ही कल्पना त्या काळी धाडसाची होती. रीमानने १८५९ मध्ये झीटा फलनाला संमिश्र संख्यांत नेले आणि मूळ संख्यांची वाटणी त्या फलनाच्या शून्यांशी बांधली. त्या शून्यांविषयीची त्याची अटकळ अजून सिद्ध झालेली नाही. तिच्यापेक्षा दुबळे पण तरीही थोर असे मूळ संख्यांचे प्रमेय १८९६ मध्ये आदामार आणि द ला व्हाले पूसँ यांनी वेगवेगळे सिद्ध केले. अर्ध्या शतकानंतर, १९४९ च्या सुमारास, सेलबर्ग आणि एर्देश यांनी त्याची संमिश्र फलनांवाचून सिद्धता दिली, आणि ‘खोल’ व ‘प्राथमिक’ या शब्दांचा अर्थ नव्याने तपासावा लागला.

दुसरा रस्ता बीजगणिताचा. पूर्णांकांत ज्याचे अवयव पडत नाहीत त्याचे अवयव पाडण्यासाठी पूर्णांकांचेच कूळ वाढवायचे, म्हणजे ६१ चे वर्गमूळ त्यात बसवून घ्यायचे. पण मग अवयवांची एकमेवता टिकेलच याची हमी उरत नाही. ती किती बिघडली हे मोजणाऱ्या संख्येला वर्गसंख्या म्हणतात. कुम्मर आणि डेडेकिंड यांनी हे घर बांधले. पेलच्या समीकरणाचे खरे ठिकाण इथे आहे. डिरिश्लेटच्या सूत्रात वर्गसंख्या आणि पेलच्या सर्वांत लहान उत्तराचा लॉगरिदम एकमेकांना गुणलेले येतात. एक मोठे असले की दुसऱ्याला आखडते घ्यावे लागते. ६१ च्या बाबतीत वर्गसंख्या १ आहे, म्हणून सगळा बोजा उत्तरावर पडला. अशी वर्गसंख्या १ अनंत वेळा येते, हे गाउसला जाणवले होते. आजही ते कुणाला सिद्ध करता आलेले नाही.

या दोन रस्त्यांखेरीज चाळणी पद्धती आहेत, अतीत संख्यांचा अभ्यास आहे, आणि गेल्या शतकाच्या उत्तरार्धात सर्वांना झाकोळून टाकणारी अंकगणितीय भूमिती आहे. वाइल्सने १९९५ मध्ये फर्माचे अखेरचे प्रमेय सिद्ध केले ते तिच्याच बळावर. त्या शाखेविषयी या पुस्तकात फार कमी आहे. तिला स्वतंत्र पुस्तक हवे, आणि ते मी लिहू शकेन असे मला वाटत नाही.

मुंबईतल्या पाहुण्यांत राडेमाखर यांच्याविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण त्यांची व्याख्याने मला सर्वांत सुवाच्य वाटतात. ५ ही संख्या धन पूर्णांकांची बेरीज म्हणून सात प्रकारे लिहिता येते: ५, ४+१, ३+२, ३+१+१, २+२+१, २+१+१+१, आणि पाच एक. या प्रकारांना विभाजने म्हणतात. १०० ची विभाजने १९,०५,६९,२९२ होतात, २०० ची ३९,७२,९९,९०,२९,३८८. हार्डी आणि रामानुजन यांनी १९१८ मध्ये या संख्येसाठी असे सूत्र दिले की त्याची मोजकीच पदे घेतली तरी नेमकी पूर्णांक किंमत ओळखता येते. पण पदे अनंतापर्यंत घेतली तर ती श्रेणी अपसारी होते. राडेमाखर यांनी १९३७ च्या सुमारास त्यात एक छोटा बदल केला, घातांकी फलनाच्या जागी हायपरबोलिक साइन आले, आणि सूत्र अभिसारी व नेमके झाले. शांततावादी म्हणून ब्रेस्लाऊचे प्राध्यापकपद गेलेला हा माणूस अमेरिकेत स्थिरावला होता. मद्रासच्या कारकुनाने सुरू केलेले काम त्याने पुरे केले आणि मग मुंबईत येऊन ते सांगितले. साध्या घात-श्रेणींपासून सुरुवात करून वर्तुळ पद्धतीपर्यंत तो श्रोत्याला बोट धरून नेतो.

फेब्रुवारी १९५६ मध्ये याच संस्थेत झीटा फलनांवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. सेलबर्गचा अनुरेख सूत्राचा प्रसिद्ध शोधनिबंध त्याच वर्षी इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला. आज जगभर ज्याच्या हजारो पाऊलखुणा दिसतात तो लेख एका भारतीय नियतकालिकात आहे, हे आपल्याकडच्या गणिताच्या विद्यार्थ्यांना बहुधा माहीत नसते.

आणि फळ? सीगलच्या त्या वैश्लेषिक व्याख्यानांतील क्रोनेकर मर्यादा सूत्रे घेऊन के. रामचंद्र यांनी १९६४ मध्ये ‘अॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये जो निबंध लिहिला तो त्यांच्या नावाच्या एककांसाठी अजून उद्धृत होतो. रामचंद्र यांचे शिष्य आर. बालसुब्रमण्यन यांनी १९८६ मध्ये देशुये आणि द्रेस या फ्रेंच गणितींसह सिद्ध केले की प्रत्येक धन पूर्णांक जास्तीत जास्त एकोणीस चतुर्थ घातांची बेरीज असतो. ही वंशावळ सरळ आहे: पाहुणा, वही, प्रबंध, शिष्य.

आता एक खटकणारी गोष्ट. वर आलेल्या टिपणकारांच्या नावांत मराठी नाव नाही. संस्था मुंबईत, पीएच.डी. त्या काळी मुंबई विद्यापीठाची, आणि मुले बहुतांशी मद्रासकडची. याचे कारण बुद्धीत शोधू नये. मद्रासच्या लॉयोला कॉलेजात फादर रासीन नावाचे फ्रेंच जेझुइट शिकवत. पॅरिसमधले आधुनिक गणित त्यांनी पदवीच्या वर्गात आणले आणि हुशार मुलांना मुंबईची वाट दाखवली. सी. पी. रामानुजम त्यांच्याकडूनच आला. व्याख्यान कितीही थोर असो, त्याच्या मागे कॉलेजातला एक तयारीचा मास्तर लागतो.

आपल्याकडे गुणी गणिती नव्हते असे नाही, पण ते एकेकटे होते. आन्द्रे वेय हा फ्रेंच गणिती १९३० मध्ये अलीगढला प्राध्यापक म्हणून आला आणि त्याने गोव्याच्या दामोदर कोसंबींना तिथे बोलावून घेतले. कोसंबींनी १९३१ च्या एका निबंधात थट्टेखातर ‘बूर्बाकी’ नावाच्या कल्पित गणितीचा हवाला दिला. पुढे याच नावाने जगभर गाजलेल्या फ्रेंच गणितींच्या गटाचे नाव छापील गणितात आले ते याच निबंधातून पहिल्यांदा. मराठी वाचक कोसंबींना इतिहासकार म्हणून ओळखतो. टाटा संस्थेत १९४५ पासून १९६२ पर्यंत ते होते. मूळ संख्यांवर त्यांनी संभाव्यतेच्या अंगाने काम केले आणि रीमानची अटकळ सुटल्याचा दावाही केला. तो मान्य झाला नाही.

दुसरे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचे. फर्ग्युसनमध्ये १९२७ चे रँग्लर परांजपे पारितोषिक मिळवलेला हा माणूस देवळालीला शाळेत शिकवत राहिला. चार अंकी संख्या घ्यावी, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून मोठीतून लहान वजा करावी. हेच पुन्हा करत राहावे. ३५२४ वरून ३०८७, मग ८३५२, मग ६१७४, आणि तिथे गाडी थांबते. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतेच. व्यावसायिक गणितींनी याकडे करमणूक म्हणून पाहिले; १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिल्यावर त्यांचे नाव बाहेर झाले. कापरेकरांचे काम सीगलच्या तोलाचे नव्हते आणि तसे म्हणण्यात त्यांचा सन्मानही नाही. पण दादरपासून देवळालीपर्यंतच्या रेल्वेच्या अंतरात या दोन जगांची भेट का झाली नाही, हा प्रश्न मला या पुस्तकाच्या तयारीत सतत टोचत राहिला. पुण्यात श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये भास्कराचार्य प्रतिष्ठान उभे केले तेव्हा ती दरी थोडी भरली.

हे आजच कशाला, असे विचारले जाईल. सोपे उत्तर तयार असते: फोनवरून पैसे पाठवताना जी कुलपे लागतात ती १९७७ च्या आरएसए पद्धतीपासून मूळ संख्यांवर बसवलेली आहेत. ते खरे आहे, पण जुने झाले. शोरने १९९४ मध्ये दाखवले की क्वांटम संगणक चालू लागले तर ही कुलपे उघडतील. म्हणून आता वेगळ्या कुलपांची तयारी चालू आहे. अमेरिकेच्या मानक संस्थेने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या मानकांपैकी मुख्य मानक जालकांवर उभे आहे: शेकडो मितींच्या जाळीत सर्वांत आखूड बाण शोधणे किती अवघड, यावर त्याची भिस्त आहे. आखूड बाण शोधणे आणि द्विघाती रूपाची सर्वांत लहान किंमत शोधणे हे एकच काम. रामनाथन यांनी लिहून घेतलेल्या सीगलच्या व्याख्यानांत याच रूपांच्या लघुकरणाचा सिद्धान्त सविस्तर आहे. यॉट क्लबात बसलेल्या कुणालाही बँकेच्या कुलपांची काळजी नव्हती. मला स्वतःला उपयोगाचा हा युक्तिवाद फारसा भावत नाही, पण शिक्षकाला पालकांपुढे उभे राहायचे असते, म्हणून त्यावर एक प्रकरण दिले आहे.

खानदेशाशी या विषयाचे नाते फार जुने आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेख शके ११२८, म्हणजे इसवी सन १२०७ च्या सुमाराचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि निकुंभ घराण्यातील सोइदेव व हेमाडिदेव यांनी त्याला उत्पन्न लावून दिले, असे त्यात आहे. डॉ. भाऊ दाजींनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. लेखाचा विद्वत्तेचा भाग संस्कृतात आहे. मठाला कुणाकडून काय मिळायचे, तेलाच्या घाण्यामागे किती तेल, हा हिशेब मराठीत आहे. शास्त्र एका भाषेत आणि जमाखर्च दुसऱ्या, ही वाटणी आपण आठशे वर्षे पाळत आलो. मधल्या काळात संस्कृतची जागा इंग्रजीने घेतली एवढाच फरक.

हे पुस्तक ती वाटणी थोडी मोडू पाहते. राडेमाखर आणि सीगल यांची व्याख्याने इथे जशीच्या तशी मराठीत आणलेली नाहीत. मूळ टिपणे संस्थेने सर्वांसाठी खुली केलेली आहेत आणि ज्याला पुढे जायचे आहे त्याने तीच वाचावीत. त्या टिपणांच्या पहिल्या पानापर्यंत पोचायला बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याला जे लागते, ते इथे आहे. शहादा, तळोदा, नंदुरबार, धडगाव इथल्या कॉलेजांत गणित घेतलेली मुले माझ्या डोळ्यांसमोर होती. यातली काही प्रकरणे मी तोरणमाळला उन्हाळ्यात अशा मुलांपुढे वाचून दाखवली. सात पायरीचा घाट चढून आलेल्या त्यांच्यातल्या कित्येकांच्या घरी पावरी बोलली जाते. मराठी त्यांना शाळेत भेटली, इंग्रजी कॉलेजात. ‘मराठीत लिहिले म्हणजे मातृभाषेत लिहिले’ हे आमचे शहरी समाधान तिथे टिकले नाही. त्याचा परिणाम म्हणून मी वाक्ये लहान केली, संस्कृत परिभाषा जिथे टाळता आली तिथे टाळली आणि प्रत्येक कल्पनेआधी आकड्यांचे उदाहरण ठेवले. भावनेचा नियम समजावताना सूत्राऐवजी दोन जोड्यांतून तिसरी करून दाखवली की मुले आपणहून चौथी काढत होती, हेही तिथेच दिसले.

वाचण्याचा क्रम सक्तीचा नाही. ज्याला संमिश्र फलने येत नाहीत त्याने विभाजनांच्या प्रकरणाचा पहिला अर्धा भाग घ्यावा आणि वर्तुळ पद्धतीला हात लावू नये. पेलचे समीकरण मात्र पूर्ण करावे, त्याला शाळेच्या पलीकडचे काही लागत नाही. मर्यादा सूत्रांचे प्रकरण कठीण आहे आणि ते सोपे केल्याचा आव मी आणलेला नाही. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी तीन-चार कोरी पाने सोडली आहेत. ती छापखान्याची चूक नव्हे. मजकुरात जिथे ‘हे उघड आहे’ असे आले आहे तिथल्या पायऱ्या तिथे भराव्यात, आणि भरता आल्या नाहीत तर शेजारच्याला विचाराव्यात.

तोरणमाळ